मामांच्या गाडीचा काटा

केशरबाई चहा घेऊन अंगणात आल्या तेव्हा त्यांना नवऱ्याचे फक्त पाय दिसले. बाकीचे मोहनराव गाडीच्या डॅशबोर्डखाली उताणे पडले होते आणि तिथूनच कुणाला तरी शिव्या देत होते.

"कुणाला बोलायलात?" केशरबाईंनी विचारलं.

"स्क्रूला."

"त्यानं काय केलं?"

"हातातून पडला, आन आता गावंना."

"मग त्यो शहाणा हाय," असं म्हणून केशरबाईंनी चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवला आणि त्या पापड वाळत घालायला निघून गेल्या.

परवा भाचीचं लग्न, आणि मामा डॅशबोर्डखाली. पण मोहनराव हौसेनं तिथं गेले नव्हते. त्यांची ती पांढरी, आठ माणसांची डिझेल गाडी तशी गुणाची होती, दोष एकच. इंजिन किती तापलंय हे सांगणारा काटाच तिला नव्हता. त्याऐवजी एक लाल दिवा होता. लाल दिव्याचं आकर्षण आपल्या जिल्ह्यात कुणाला नाही? पण हा दिवा असा, की तो लागेपर्यंत इंजिनाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं.

थोरली भाची मनिषा हिच्या लग्नाला जाताना तो असाच लागला होता. केजच्या पुढं बॉनेटमधून वाफ निघाली, गॅस्केट गेलं, आणि पालीचं मामाकडचं मंडळ भोपळ्याच्या टेम्पोत बसून धर्मापुरीला पोचलं. तोवर लग्न लागून दुसरी पंगत बसली होती.

आमच्याकडं मामाशिवाय लग्न लागत नाही. नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, आणि मंगलाष्टका चालू असताना तिच्या पाठीशी उभं राहायचं तेही मामानं. नवरदेव उशिरा आला तर लोक समजून घेतात, नाचायला वेळ लागतोच म्हणतात. मामा दिसला नाही की मात्र माइकवाला माणूस सगळ्या गावाला ऐकू जाईल असा ओरडत सुटतो. त्या दिवशी तो ओरडून ओरडून थकला, आणि शेवटी मोहनरावांचा चुलतभाऊ अमरसिंह मामा म्हणून उभा राहिला. आजही मनिषाच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिच्या मागं गुलाबी फेटा बांधून अमरसिंह हसतोय.

मनिषाची आई, म्हणजे मोहनरावांची धाकटी बहीण मंगल, यावरून एक शब्द बोलली नव्हती. बोलली असती तर मोहनरावांना बरं वाटलं असतं. धाकट्या लेकीचं, ऋतुजाचं लग्न ठरल्यावर तिनं फोन केला, तारीख सांगितली, आणि शेवटी म्हणाली, "दादा, जमलं तर ये." जमलं तर. सख्ख्या भावाला. हे दोन शब्द महिनाभर मोहनरावांना सलत होते. त्यांनी बीडला जाऊन काटा आणला तो यासाठी.

आता मोहनरावांच्या हाताला गुण नव्हता असं कुणी म्हणू नये. रेडिएटरचा जाड पाइप त्यांनी सफाईनं कापला, मध्ये पितळी जोड बसवला, दोन्हीकडून क्लिपा आवळल्या, जोडावर सेन्सर फिरवून बसवला. पाण्याचा थेंब गळला नाही. घोळ झाला तो वायरीत, आणि तोही त्यांना वायरिंग येत नव्हतं म्हणून नव्हे. फार येत होतं म्हणून.

मळ्यात विहिरीच्या मोटारीचं सगळं वायरिंग मोहनरावांनी स्वतः केलेलं होतं. तिथं त्यांचा नियम एकच: अर्थिंगची खुंटी एक, आणि जे येईल ते तिला टांगायचं. स्टार्टर, बल्ब, पंखा, मोबाइलचा चार्जर, शेजारच्या नाथाजींच्या गोठ्यातली ट्यूब, सगळ्यांच्या वायरी त्या एका खुंटीला लोंबत होत्या आणि वडलांच्या काळापासून कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं. तेव्हा काट्याची काळी वायर हातात आल्यावर त्यांनी गाडीतही खुंटीच शोधली. डॅशबोर्डच्या आत एका गंजलेल्या स्क्रूवर पाच-सहा काळ्या वायरी आधीच बसलेल्या होत्या.

"इतकी पाव्हणी बसलीत, आणखी एक बसंल," म्हणत त्यांनी काट्याची वायर तिथंच आवळली.

त्या वायरी होत्या एसीच्या पंख्याच्या, हॉर्नच्या, दिव्यांच्या. वाचकांपासून काय लपवायचं? त्या गंजक्या स्क्रूवर जेवढा जास्त करंट यायचा तेवढा काटा उगाच वर उडायचा. इंजिनाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. पण हे तुम्हाला आणि मला माहीत. मोहनरावांना माहीत नव्हतं, आणि अंगणात गाडी चालू करून बघितली तेव्हा कळायलाही मार्ग नव्हता, कारण तेव्हा बाकी सगळं बंद होतं. काटा शहाण्या मुलासारखा हळूहळू चढला, ऐंशीवर गेला आणि तिथं स्वस्थ बसला.

मोहनरावांनी सगळ्या घराला बोलावलं. आई दगडाबाई काठी टेकत आल्या, चष्मा वर-खाली करून बघू लागल्या.

"घड्याळ बसवलं व्हय रं?"

"घड्याळ न्हाई आई. इंजिनाला ताप किती हाय ते दावतंय."

"मग थर्मामीटर म्हण की. नवं हाय तर हळदीकुंकू लावा त्याला."

नवी वस्तू घरात आली आणि तिला कुंकू लागलं नाही असं होत नाही. नारळ फुटला. केशरबाईंनी बोट ओलं करून काट्याच्या काचेवर चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. ते बसलं नव्वदाच्या जरा पुढं.

"नेमकं आकड्यावर लावलंस," मोहनराव म्हणाले.

"मग पुसा."

मोहनरावांनी हात पुढं केला आणि मागं घेतला. लग्न परवावर आलेलं, बायकोनं हातानं लावलेलं कुंकू, समोर आई उभी. पुसणार कोण?

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ह्योच आपला लाल पट्टा. काटा कुंकवाला टेकला की गाडी थांबवायची. जोखीम न्हाई घ्यायची औंदा."

काटा बनवणाऱ्यानं धोक्याची रेघ त्याच्या बरीच पुढं ओढलेली होती. पण त्यानं काही कुंकू लावलेलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी मंडळी भल्या सकाळी निघाली. मोहनराव पांढऱ्या कडक इस्त्रीत, शेजारी केशरबाई नव्या साडीत, मागं दगडाबाई आणि मुलगी रोहिणी. रोहिणीनं पहाटे उठून केसांच्या बटा पाडून घेतल्या होत्या आणि मान न हलवता बसली होती. मांजरसुंब्याचा घाट गाडी हसत चढली. काटा ऐंशीवर. मोहनराव रस्त्याकडं कमी आणि काट्याकडं जास्त बघत होते, आणि मधूनच "बघ कसा बसलाय," असं केशरबाईंना सांगत होते.

ऊन तापायला लागल्यावर रोहिणी म्हणाली, "पप्पा, एसी लावा ना. बटा सुटायल्यात."

मोहनरावांनी एसी लावला. काटा टुणकन उडून कुंकवाला टेकला.

मोहनरावांनी एसी बंद केला. काटा खाली आला. पुन्हा लावला, पुन्हा वर. त्यांचा चेहरा एकाच वेळी काळजीनं आणि अभिमानानं भरून आला.

"बघितलंस? आता कळलं मागल्या खेपेला काय झालतं ते. एसीनं घात केलता. काटा नसता तर आज बी तेच झालं असतं."

खिडक्या उघडल्या. मे महिन्याचं वारं आत आलं आणि नेकनूर यायच्या आत रोहिणीच्या बटांचा निकाल लागला. तेवढ्यात रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा आला. मोहनरावांनी हॉर्न दाबला, शेळ्या हलल्या नाहीत, काटा मात्र उडाला.

"हॉर्ननं बी गरम व्हती," मोहनराव हळूच म्हणाले.

"व्हईलच की," केशरबाई म्हणाल्या. "तुमी वरडल्यावर तुमचं डोस्कं न्हाई का तापत?"

"आता हॉर्न न्हाई वाजवायचा."

"मग शेरडं कशी हालायची?"

मोहनरावांनी बायकोकडं बघितलं. केशरबाईंच्या आवाजाची ख्याती पालीच्या धरणाच्या पलीकडच्या काठापर्यंत होती. त्यांनी पदर खोचला, खिडकीबाहेर डोकं काढलं आणि "ओ दादा, शेरडं घ्या की बाजूला," असं म्हणाल्या. शेळ्या तर हलल्याच, शेजारच्या शेतातला एक माणूसही दचकून बाजूला झाला.

केजच्या चौकात वळायचं होतं. साइडचा दिवा लावला, तर काटा त्या दिव्याच्या तालावर नाचायला लागला. खाली, वर, खाली, वर.

"नाडी लागली जनू," दगडाबाई मागून म्हणाल्या.

दिवा बंद. मोहनरावांनी उजवा हात बाहेर काढला, केशरबाईंनी डावीकडून डोकं काढलं, आणि अशा रीतीनं गाडी वळली. मग सगळ्यात वाईट शोध लागला. ब्रेक दाबला की मागचे दिवे लागतात, आणि मागचे दिवे लागले की काटा उडतो. यातला दिव्यांचा भाग मोहनरावांच्या लक्षात आला नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की ब्रेकनं गाडी तापते.

ब्रेक न दाबता गाडी चालवायची तर एकच उपाय असतो: ब्रेक दाबायची वेळच येणार नाही इतकी हळू चालवायची. मोहनरावांनी तो पत्करला. मागून आलेल्या सायकलवाल्यानं त्यांना ओलांडलं तेव्हा जाता जाता आत डोकावून "काय, पेशंट हाय का?" असं विचारलं.

मध्ये दोन-तीनदा त्यांनी गाडी लिंबाच्या सावलीत उभी केली. चावी फिरवून इंजिन बंद केलं की काटा तत्क्षणी शून्यावर यायचा.

"बघा सावलीचा गुण," मोहनराव म्हणायचे. "टेकली न टेकली की गार."

"पप्पा, गाडी बंद केल्यावर काटा बी बंदच व्हणार ना," रोहिणी म्हणाली.

"तू बटा बघ."

लोखंडी सावरगावला चहा प्यायला थांबले तर टपरीवरच्या मंडळींनी बॉनेटभोवती कडं केलं. गाडी उभी असली की सल्ला देणारा आमच्याकडं जमिनीतून उगवतो. एक म्हणाला पाणी बदला, दुसरा म्हणाला तेल बदला, तिसरा म्हणाला गाडीच बदला. चौथा जरा जाणता होता. तो म्हणाला, "हीटर लावा फुल. इंजिनातली गरमी आत खेचून घेतो."

बाहेर मे महिन्याचं ऊन, आणि आत हीटर फुल. रोहिणी रडायच्या बेतात आली. मोहनरावांनी बटण फिरवलं आणि काटा परत कुंकवावर.

"गार लावलं तरी वर, गरम लावलं तरी वर," केशरबाई घाम पुसत म्हणाल्या. "तुमच्या घराण्याचीच हाय ही. काई बी केलं तरी तापतीच."

तेवढ्यात रोहिणीचा फोन वाजला. मंगलचा होता. रोहिणीनं तो बापाच्या कानाला लावला.

"दादा, कुठवर आलास?"

"ह्ये काय, अंबाजोगाई सोडली."

अंबाजोगाई अजून यायची होती. पण लग्नाच्या दिवशी फोनवर खरं ठिकाण सांगणारा माणूस आमच्या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. मंगललाही ते ठाऊक होतं.

"अमरसिंह दादा सकाळीच आलाय," ती म्हणाली. "फेटा बांधून बसलाय." आणि तिनं फोन ठेवला.

पुढचा फोन येऊ शकला नाही, कारण रोहिणीच्या फोनची बॅटरी संपली. चार्जर लावू का म्हणून तिनं विचारलं तेव्हा मोहनरावांनी नुसतं काट्याकडं बोट दाखवलं.

अंबाजोगाई मागं पडली. ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटी केशरबाई म्हणाल्या, "आवो, जाऊ द्या त्या काट्याला. दाबा की जरा गाडी. लग्न लागून जाईल."

"मागल्या खेपेला बी दाबलीच व्हती," मोहनराव म्हणाले.

त्यांचा आवाज असा आला की केशरबाईंना पुढं चेष्टा सुचली नाही. त्यांना नवऱ्याची दया आली. दाबली तर गाडी बंद पडायची भीती, न दाबली तर उशीर ठरलेला. आणि दोन्हीच्या शेवटी गुलाबी फेटा. त्या पदरानं नवऱ्याच्या मानेवरचा घाम पुसत राहिल्या.

घाटनांदूरच्या पुढं रस्त्याचं काम चालू होतं. काम कधी सुरू झालं हे कुणाला आठवत नव्हतं. एका बाजूला खोदलेला खड्डा, दुसऱ्या बाजूला खडीचे ढीग, मधून एका गाडीपुरती वाट. त्या वाटेवर पुढं ट्रॅक्टर, त्याच्यामागं मोहनराव, आणि थोड्या वेळानं मोहनरावांच्या मागून जोरजोरात हॉर्न ऐकू यायला लागले. एक नाही, ओळीनं सात-आठ गाड्यांचे.

"वऱ्हाड लई खुशीत दिसतंय," मोहनराव म्हणाले.

"पप्पा, त्ये आपल्याला साइड मागायलेत," रोहिणी म्हणाली.

"कुठून देऊ? हिकडं खड्डा, तिकडं खडी."

मागं आबासाहेब होते. आबासाहेब म्हणजे त्या भागाचे पुढारी. त्यांच्या आशीर्वादाच्या भाषणाशिवाय तिकडं लग्न लागत नाही, आणि एका दिवसात ते इतक्या लग्नांना शब्द देतात की मुहूर्त त्यांच्या गाडीच्या मागं मागं धावत असतो. हॉर्न वाजवून उपयोग होईना म्हणून त्यांचा कार्यकर्ता माऊली गाडीतून उतरला आणि चालत निघाला. चालत त्यानं मोहनरावांना सहज गाठलं.

"ओ काका," माऊली खिडकीशी चालता चालता म्हणाला, "जोरात घ्या की जरा. मागं आबासाहेब हायत."

"जोरात घेतली तर ब्रेक दाबावा लागंल."

"मग दाबा."

"ब्रेक दाबला की काटा चढतो."

माऊलीनं आत वाकून काटा बघितला. त्यावरचं कुंकू बघितलं. त्याला काय वाटलं कोण जाणे, पण त्याचा आवाज जरा अदबीचा झाला.

"मग हॉर्न तरी वाजवा. फुडचा ट्रॅक्टर सरकंल."

"हॉर्ननं बी चढतो. आतापस्तोर आमची मंडळी वरडत आली, आता तिचा घसा बसला."

केशरबाईंनी घशाकडं हात नेऊन मान हलवली. माऊलीनं मागं बघितलं, पुढं बघितलं, कपाळावर हात मारला आणि मोहनरावांच्या गाडीच्या पायरीवर चढून, दाराला लोंबकळत, स्वतःच ओरडायला लागला, "चला, बाजूला व्हा, आबासाहेब आले."

त्याचा परिणाम असा झाला की ट्रॅक्टर तर बाजूला झालाच, पण धर्मापुरीच्या फाट्यावर सकाळपासून हार घेऊन उभ्या असलेल्या मंडळींनी माऊलीला ओळखलं, त्याचं ओरडणं ऐकलं, आणि त्याच्या खालची गाडी आबासाहेबांची असं गृहीत धरलं. हलग्या कडाडल्या. फटाक्यांची माळ लागली. बॉनेटवर झेंडूचा हार पडला, खिडकीतून दुसरा हार मोहनरावांच्या गळ्यात पडला. माऊली "आरं ह्ये न्हाई, मागं हायत," असं सांगत होता, पण हलगीपुढं त्याचं कोण ऐकतो? चार बायकांनी खिडकीतून दगडाबाईंच्या पायाला हात लावायचा प्रयत्न केला. दगडाबाईंनी सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"मंगलच्या सासरची मान्सं लई कदर करणारी," त्या भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "मामाचा आसा मान म्या कुठंच बघितला न्हाई."

हलगी पुढं, मोहनराव मागं, त्यांच्यामागं आबासाहेब. नाचणाऱ्यांच्या चालीनं मिरवणूक मांडवाकडं निघाली. मोहनरावांना हे सगळं कुणासाठी आहे ते कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. ते कान देऊन मंगलाष्टका ऐकू येतात का ते बघत होते. ऐकू येत नव्हत्या. म्हणजे संपल्या असणार.

मांडवाच्या दारात त्यांनी चालत्या गाडीतून खाली उतरायचं तेवढं बाकी ठेवलं. मेहुणे विठ्ठलराव समोरून धावत आले.

"लागलं का?" मोहनरावांनी विचारलं.

"कसं लागंल? आबासाहेबांचा पत्ता न्हाई अजून. आम्ही तासभर वाट बघायलोत."

"आबासाहेब?" मोहनराव म्हणाले. "त्ये तर मपल्या मागंच हायत. घाटनांदूरपासून."

मोहनराव किती उशिरा आले असते तरी त्यांना उशीर होणं शक्यच नव्हतं, हे विठ्ठलरावांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मोहनरावांच्या लक्षात यायला संध्याकाळ झाली. कारण तेवढ्यात मंगल आली. तिच्या हातात तांब्या-पेला होता. भावाच्या गळ्यातला हार, घामानं अंगाला चिकटलेली इस्त्री, दोन्हीकडं तिनं एकदा बघितलं.

"गुरुजी म्हणले, ऐनवेळी धावपळ नको, अमरसिंह दादाला तयार ठिवा," ती म्हणाली. "तर पोरीनं आतून कडी लावली. म्हणली, मामा आल्याबगर उठत न्हाई. आबासाहेब येऊ दे न्हाईतर कुनी बी." आणि मग तिचा आवाज फुटला. "दादा, मला वाटलं पुन्हा न्हाई येत तू."

मोहनरावांनी पेला घेतलाच नाही. ते तसेच खोलीच्या दाराशी गेले.

"ऋतुजा, आलो गं."

कडी निघाली. शालूतली ऋतुजा दारात उभी राहिली आणि मामाकडं बघून रडायच्या ऐवजी हसायला लागली.

"मामा, तुमच्या गळ्यात हार कावून?"

"काय म्हाईत. फाट्यावर घातला लोकांनी."

तिकडून अमरसिंह आला, त्यानं आपल्या डोक्यावरचा गुलाबी फेटा काढून मोहनरावांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाला, "घे बाबा. सकाळपासून डोकं आवळून आलंय मपलं." मागच्या खेपेचं जे काही दोघांच्या मनात होतं ते तिथं दारातच संपलं.

मामानं भाचीला हाताला धरून बोहल्यावर आणलं. आबासाहेब आधी फार रागावलेले होते म्हणतात. पण फाट्यापासून मांडवापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी, गाडी चालायच्या चालीनं चाललेली, आणि प्रत्येकाला त्यांना नमस्कार करता आलेला. असं दर्शन त्यांनी मागच्या निवडणुकीतही दिलं नव्हतं. माइक हातात आल्यावर ते म्हणाले की मुलीच्या मामांनी आपल्याला घाटनांदूरपासून स्वतः पुढं राहून वाजतगाजत आणलं, अशी माणसं आता राहिली नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मोहनराव ऋतुजाच्या पाठीशी उभे होते, त्यांना त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. अक्षता पडल्या तेव्हा त्यांच्या फेट्यावर इतक्या बसल्या की रोहिणी म्हणाली, फोटोत पप्पाच नवरदेव दिसत्यात.

पाठवणीची वेळ आली. नवरदेवाकडची मंडळी परळीची. फुलांनी सजवलेली नवी, गार गाडी दाराशी लावून ते घाई करत होते. ऋतुजा सगळ्यांच्या गळ्यात पडून झाली, आणि गाडीपाशी जाऊन थबकली.

"मला मामाच्या गाडीत जायचंय," ती म्हणाली.

"आगं बाई," केशरबाई बसक्या आवाजात म्हणाल्या, "आमच्यात एसी लावता येत न्हाई. हॉर्न वाजवता येत न्हाई. ब्रेक सुदिक दाबता येत न्हाई."

"हळू चालती ना?"

"हळू? मान्सं चालत फुडं जात्यात."

"मग तीच पाहिजे."

नवरदेव बिचारा भला होता, तोही मागं येऊन बसला. गाडी निघाली. मंगल ऋतुजाच्या खिडकीला हात लावून बरोबर चालू लागली. नव्या गाडीनं तिला चार पावलांत मागं टाकलं असतं. मोहनरावांच्या गाडीनं टाकलं नाही. आई चालत होती, लेक आतून तिचा हात धरून होती, दोघी काय काय बोलत होत्या. फ्रीजमधल्या दुधाचं, कानातल्याच्या फिरकीचं, सकाळी लवकर उठायचं. वेशीपर्यंत तसंच चाललं.

वेशीबाहेर मोठा रस्ता लागतो. तिथं हात सोडायलाच हवा होता. मंगलच्या ते लक्षात आलं आणि तिनं लेकीचा हात आणखी घट्ट धरला.

मोहनरावांनी चावी फिरवली. इंजिन बंद झालं. मागून नवरदेवाचे काका गाडीतून उतरून आले.

"काय झालं मामा? का थांबलात?"

"काटा चढलाय," मोहनराव समोर बघत म्हणाले. "गार हुईस्तवर काई निघता येत न्हाई."

काकांनी आत वाकून बघितलं. काटा शून्यावर होता. त्यांनी केशरबाईंकडं बघितलं. केशरबाईंनीही काट्याकडं बघितलं, मग खिडकीत लेकीचा हात धरून उभ्या असलेल्या नणंदेकडं बघितलं, आणि पदर सारखा केला.

"लई चढलाय," त्या म्हणाल्या. "चांगला अर्धा तास लागंल. तुमी व्हा फुडं."